आईने उचललेला भंडारा

आमच्या घरात थोरल्या काकांना सगळे अण्णा म्हणतात. मीही तोंडावर अण्णाच म्हणत आले, अहो-जाहो करत आले, पंगतीत त्यांच्या पानात आधी वाढत आले. इथे मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. एवढी मोकळीक मी माझ्या कागदावर घेते. ज्याला खटकेल त्याने पुढे वाचू नये.

तो माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. कोप्पीकर रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं औषधांचं दुकान, आणि आमचं एकत्र घर केशवापूरला. घराणं मूळचं मिरजेकडचं. पणजोबा हुबळीला व्यापाराला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, भांडताना दोन्ही. कुलदैवत खंडोबा. दर चंपाषष्ठीला सगळं कुटुंब थोरल्या घरी जमतं, पुरुष ताम्हनात भंडारा भरून तळी उचलतात, येळकोट करतात, मग भरीत-रोडग्याचं जेवण. आमच्याकडे भंडाऱ्याला फार मान. भांडण मिटवायचं असो, वाटणी ठरवायची असो, मुठीत ती हळद घेतली की विषय संपला. भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, आणि बोललाच तर देव त्याला सोडत नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

आमच्या घरात नशा कोण करतं, असं विचारलं असतंत तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले असते. आजी मिश्री लावायची. उठल्यावर, जेवल्यावर, चहानंतर, आणि कुणाशी वाजलं की लगेच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटून द्यायची हे सुनांचं काम. आई आणि काकू पदर नाकाला लावून खोकत खोकत ते करायच्या. आजोबांची तपकीर होती. त्याची स्वतःची तंबाखू आणि चुना, दर तासाला. एकादशीच्या कडक उपासालाही हे सगळं चालायचं, कारण ते पोटात जात नाही म्हणे. एकदा दात काढल्यावर आजीला दोन दिवस मिश्री बंद करायला लागली, तर तिने घर डोक्यावर घेतलं, माझ्या आईच्या अंगावर ताट भिरकावलं. तिसऱ्या दिवशी बोटभर मिश्री मिळाल्यावर गाय झाली. त्याला आम्ही सवय म्हणायचो.

आजी आणखी एक सांगायची. तिच्या माहेरच्या गावात बायका रानात जाताना तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवून जायच्या. पोर संध्याकाळपर्यंत हूं की चूं करत नसे. तिच्या पाठचा भाऊ असाच झोपला तो उठला नाही. हे ती दातांवर बोट फिरवत, शांतपणे सांगायची. त्यालाही कुणी नशेचं नाव दिलं नव्हतं. देवाने नेला, एवढंच म्हणाले होते.

माझे वडील मी अकरा वर्षांची असताना अचानक गेले. बाराव्याच्या जेवणावळी आटोपल्या, आणि आई भिंतीला टेकून नुसती बसून राहायला लागली. तेव्हा त्याने दुकानातून एक गोळी आणली, नखाने अर्धी केली आणि म्हणाला, घे, झोप लागेल. कुठल्या डॉक्टरने सांगितलेली नव्हती. तो स्वतः काही शिकलेला नव्हता. दुकान दुसऱ्या कुणाच्या सर्टिफिकेटवर चालायचं, तसं तेव्हा सर्रास चालायचं. पण घरात त्याला निम्मा डॉक्टर मानत. आईने अर्धी घेतली आणि झोपली. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, मलासुद्धा. रडणारी आई मला सहन होत नव्हती.

अर्धीची एक केव्हा झाली ते मला आठवत नाही. एकीच्या दोन झाल्या तेव्हा मी सातवीत होते, कारण वार्षिक परीक्षेच्या सकाळी मला तिला हलवून उठवायला लागलं होतं. पुढे दुपारची एक आली. लग्नाकार्याला जायचं असलं की जादा एक, लोकांत हात कापू नयेत म्हणून. घरचं सगळं ती करायची, भाकरी थापायची, मिश्री भाजायची, फक्त बोलायची कमी. विधवा बाई कमी बोलते म्हणून कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सात वर्षं तोच आणून देत होता. जोवर तो देत होता तोवर ते औषध होतं. मी आज सांगते, औषध, सवय, गरज, व्यसन ही जी शिडी लोक मांडतात, तिची पायरी गोळीवरून ठरत नाही. घरात तुमचं ताट कितव्या नंबरला वाढतात त्यावरून ठरते.

मग एकदा त्याने हात आखडता घेतला. रोज इतक्या कशाला म्हणून निम्म्याच द्यायला लागला. आई चार दिवस भिंती धरून चालली आणि पाचव्या दिवशी भाजी आणते सांगून कमरीपेठेत गेली. तिथल्या एका मेडिकलवाल्याला तिने कोप्पीकर रोडच्या दुकानाची ओळख सांगितली, त्याने दिल्या. वर्षभर हे चाललं. शेवटी तो मेडिकलवाला एकदा आमच्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या देखत कन्नडमधून म्हणाला, तुमच्या घरची बाई माझ्याकडून बऱ्याच गोळ्या नेते, तुमच्याकडे संपल्यात का? त्या दिवशी माझी आई व्यसनी झाली. आदल्या दिवसापर्यंत नव्हती.

त्या वर्षीची चंपाषष्ठी आठवड्यावर आली होती. त्या दिवशी तळी उचलून झाली, चुलत आजोबा, आत्या, काकू, त्याची दोन मुलं, सगळे दिवाणखान्यात बसले होते, तेव्हा त्याने आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. ताम्हन पुढे सरकवलं. सगळ्यांसमोर भंडारा उचल आणि आजपासून एकही गोळी खाणार नाही म्हणून सांग, म्हणाला. आई दिवसाला आठ गोळ्यांवर होती. तिने हात पुसले, मूठभर भंडारा घेतला, म्हटलं. तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, पण ओठ हलताना मी पाहिले. काकू म्हणाली, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवसापासून तिला झोप नव्हती. मार्गशीर्षाच्या थंडीत ती घामाने निथळत होती. हात इतके थरथरायचे की भाकरी तव्यावर दुमडून पडायची. तिसऱ्या दिवशी ती पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून मुंग्या झाडायला सांगत होती. तो दाराशी येऊन बघून गेला आणि म्हणाला, उतरतंय, उतरू दे. मी एकोणीस वर्षांची होते. मी हळूच विचारलं, दुकानातून अर्धी आणू का? ती नको म्हणाली. भंडारा उचललाय म्हणाली. मला ते नाटक वाटलं. असं लिहिताना हात जड होतो, पण वाटलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आठवड्याने यायचं, त्यामुळे आलं की घरातली प्रत्येक बाई भांड्यांमागे धावायची. आई परसात हौदाशी घागर भरत होती. घागर पडल्याचा आवाज ऐकून मी गेले, तर ती आडवी पडून झटके देत होती आणि डोकं हौदाच्या दगडी कडेवर आपटत होतं. ती अकरा दिवस दवाखान्यात बेशुद्ध होती. मग गेली.

त्या अकरा दिवसांत घराने निकाल दिला. भंडारा खोटा उचलला, लपवून गोळ्या खाल्ल्या, खंडोबाने दाखवलं. काकू हे दवाखान्याच्या व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. आणि तिने मला घरी पाठवलं, आईचं कपाट बघून ये म्हणून. मी बघितलं. साड्यांच्या खाली एक रिकामी स्ट्रिप सापडली. ती कधी रिकामी झाली हे स्ट्रिप सांगत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ती आणून काकूच्या हातात ठेवली. आईच्या विरुद्धचा पुरावा मी स्वतः शोधून दिला. पुढची वीस-बावीस वर्षं नात्यातल्या मुलांना भंडाऱ्याचा धाक घालताना माझ्या आईचं उदाहरण दिलं जायचं, माझ्यादेखत.

मी फार्मसीला गेले ती रागाने नव्हे. तेव्हा राग आईवरच होता. दुकानाला घरचं सर्टिफिकेट हवं होतं, त्याच्या मुलांना बेंगळूरचे वेध लागले होते, म्हणून त्याने मला धारवाडला घातलं. दुसऱ्या वर्षाला एका दुपारी सर झोपेच्या औषधांवर टिपणं देत होते. फार दिवस घेतलेली असतील तर एकदम बंद करू नयेत, हळूहळू कमी करावीत. एकदम बंद केल्यास निद्रानाश, कंप, घाम, भास, आणि झटके येऊन रोगी दगावू शकतो. मी लिहून घेतलं. कंप, घाम, भास, झटके, त्याच क्रमाने. वर्ग सुटल्यावर मी हुबळीच्या बसमध्ये बसले आणि वाटेतलं नवनगर येईपर्यंत मला कळलेलं होतं की आईने एकही गोळी खाल्लेली नव्हती. खाल्ली असती तर जगली असती.

घरी जाऊन मी काही बोलले नाही. बोलून काय झालं असतं ते मला दिसत होतं. तो हात वर करणार, मला काय ठाऊक, मी काय शिकलेला आहे? आणि सगळे माना हलवणार. तीस वर्षं जो माणूस गोळीच्या खोक्यातला कागद वाचून गिऱ्हाइकाला सल्ले देतो, त्याला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नव्हता. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. मला तो हवा होता, त्याच्या तोंडून, आणि त्याच दिवाणखान्यात. मी लग्न केलं, माहेरच्याच गावात राहिले, दुकान सांभाळलं आणि वाट पाहिली. मी सोशीक आहे असं नात्यात म्हणतात. मी सोशीक नाही, मी डूख धरून होते.

काकूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मुलं बेंगळूरलाच राहिली, आणि त्याने गल्ला माझ्यावर सोडून घरी बसायला सुरुवात केली. पंचाहत्तरी उलटलेली. रोज संध्याकाळी मात्र दुकानात चक्कर. वर्षाभराने माझ्या लक्षात आलं की मागच्या कपाटातल्या झोपेच्या गोळ्या रजिस्टरला जुळत नाहीत. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले आणि तो आंघोळीला गेलेला असताना त्याचा चष्म्याचा डबा उघडला. तीच गोळी. काकूला विचारलं तर म्हणाली, त्यांना झोप लागत नाही गं, वयामुळे, दिवसाला चार-पाच घेतात, औषध आहे ते. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मी घरी येऊन चांगला आल्याचा चहा केला आणि सावकाश प्यायले. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, सर्टिफिकेट माझ्या नावावर होतं आणि चंपाषष्ठी दहा दिवसांवर होती. मी त्याला एक शब्द बोलले नाही. उलट त्या दहा दिवसांत त्याला गोळ्या कमी पडू नयेत याची काळजी घेतली.

चंपाषष्ठीला सगळे आले. आत्या आता व्हीलचेअरवर, चुलत आजोबा गेलेले, पण बाकी तीच माणसं आणि त्यांची मुलंबाळं. तळी उचलली गेली. येळकोट झाला. त्याने सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, माझ्याही. मग मी पदर खोचला, ताम्हन उचललं आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवलं. बोलण्यात मी कसलीही धार येऊ दिली नाही. अण्णांना गोळ्यांची सवय लागली आहे, म्हटलं, दिवसाला पाच घेतात, आपल्या घरातली रीत आहे, तर त्यांनीही आज सगळ्यांसमोर भंडारा उचलावा आणि सोडून द्याव्यात.

त्याचा थोरला मुलगा कसनुसा हसला आणि म्हणाला, चांगलंच आहे की, अण्णा, उचला. व्हीलचेअरवरून आत्यानेही मान हलवली. देवाच्या नावाने सुटतं, असं कुणीतरी मागून म्हणालं.

त्याने उचलावा असं मला वाटत होतं. मी हे सौम्य करून लिहिणार नाही. त्याने मूठ भरावी, शब्द द्यावा, आणि चौथ्या दिवशी पाणी येवो न येवो, जिथे असेल तिथे आडवा पडावा, एवढं मला हवं होतं. काय होणार ते मला माहीत होतं, त्या खोलीतल्या इतर कुणापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी मी ताम्हन धरून उभी होते. माझे हात कापत नव्हते.

त्याने हात पुढे केला. बोटं हळदीला लागली आणि तिथेच थांबली. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“हे असं एकदम सोडायला येत नाही रे,” तो म्हणाला. “या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येत्यात. माणूस जातोय त्यात. हळूहळूच कमी करायच्या असत्यात.”

मुलगा म्हणाला, असं आहे होय, मग डॉक्टरला विचारू. त्याला काही कळलं नव्हतं. पण आत्याला कळलं. आधी तिची मान हलायची थांबली, मग तिने तोंडावर हात ठेवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने चौकट धरली. मी त्यांच्याकडे एकेकाकडे बघितलं. बावीस वर्षं मी या क्षणासाठी मनात वाक्यं तयार केली होती, फार जहाल, फार मोठी. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं, अण्णा?” मी विचारलं.

नाकारायचं कसं ते त्याला सुचत नसावं, कारण आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं. बोटाला लागलेला भंडारा त्याने धोतराला पुसला.

“कागदावर लिहिलेलं असतंय,” तो म्हणाला.

मग आईला का नाही सांगितलंत, एवढंच मी विचारलं. ओरडले नाही. तो ताम्हनाकडे बघत होता, आणि बोलला तेव्हा त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हे मला त्याच्या बाजूने लिहायला हवं. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

“मला वाटलं, ती चोरून खाईलच की गं,” तो म्हणाला. “सगळेच खातात. ती पाळंल असं कुणाला वाटलं होतं?”

त्या घरात शब्द देऊन तो पाळणारी एकच बाई होती, आणि ती पाळणार नाही या भरवशावर त्यांनी तिच्याकडून तो घेतला होता. मीसुद्धा त्यांच्यातलीच. मी कपाट उघडून बघितलं होतं.

जेवणं झाली. लोक येतात ते जेवून जातातच, तशी झाली. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याला धारवाडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी महिन्यांचं वेळापत्रक लिहून दिलं, पाचाच्या साडेचार, साडेचाराच्या चार. रोज संध्याकाळी दुकान उरकून मी केशवापूरला जाते, पात्याने गोळी कापते, त्याच्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. नात्यात म्हणतात, किती मोठं मन. मन मोठं नाही. तो मेला तर ते वाक्य त्याच्याबरोबर जाईल, आणि ते मला अजून पुष्कळ लोकांना ऐकवायचं आहे. कुणी पाहुणा आला की मी आईचा विषय काढते आणि त्याच्याकडे बघते, मग त्याला सांगावंच लागतं, की तिने पाळलं होतं. तो सांगतो. अलीकडे डोकं स्वच्छ झाल्यामुळे नीट, सविस्तर सांगतो, कधी कधी रडतो.

माझं त्याने भागत नाही. मी उद्या पुन्हा जाईन.